केसेलरिंगची सही

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास सांगताना इटलीच्या आघाडीकडे बहुधा घाईघाईने पाहिले जाते. एका बाजूस स्टालिनग्राड आणि दुसऱ्या बाजूस नॉर्मंडी अशा दोन प्रचंड प्रकरणांच्या मधल्या पानांत ही आघाडी येते आणि जाते. आपल्याला मात्र तिच्याकडे अशी पाठ फिरवता येणार नाही. बेळगाव हे ज्यांचे केंद्र, त्या मराठा पलटणी १९४३ ते १९४५ या काळात याच आघाडीवर लढत होत्या. सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक या मोहिमेत उतरले आणि त्यांपैकी ५,७८२ परत आले नाहीत. दोस्त राष्ट्रांच्या सैन्याला या आघाडीवर मिळालेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा भारतीयांचे, आणि त्या सहांत दोन मराठा पलटणींचे. आपल्या जवानांच्या या शौर्याची उजळणी अधूनमधून होते, आणि ती व्हावीही. पण त्यांच्या समोर कोण उभे होते, त्या सैन्याची सूत्रे कोणाच्या हाती होती आणि ती कशी हलवली गेली, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. हिटलरच्या चरित्रांना मराठीत वाण नाही. रोमेलच्या वाळवंटी डावपेचांच्या कथा तर आपल्याकडे कित्येकांना तोंडपाठ आहेत. मराठा जवानांना ज्याने दऱ्याखोऱ्यांतून झुंजविले, त्या फील्डमार्शल आल्बेर्ट केसेलरिंगचे नाव मात्र फारच थोड्यांच्या ओठी असेल.

त्या काळच्या जर्मनीत लष्करश्रेष्ठी एक नव्हते, दोन होते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. एक भूदलाचे जुने, प्रतिष्ठित श्रेष्ठीमंडळ. दुसरे १९३८ मध्ये हिटलरने स्वतःच्या हाताशी उभे केलेले सर्व सेनादलांचे श्रेष्ठीमंडळ. युद्धाच्या उत्तरार्धात पहिल्याकडे रशियाची आघाडी तेवढी उरली आणि इटलीसह बाकीच्या आघाड्या दुसऱ्याकडे गेल्या. या दुसऱ्या मंडळाचे प्रमुख कायटेल आणि त्यांचे युद्धयोजनाप्रमुख योडल. एका वाड्यात दोन कारभारी नेमावेत, दोघांची तोंडे दोन दिशांना असावीत आणि दोघांनीही प्रत्येक गोष्ट धन्याला विचारूनच करावी, अशी ही व्यवस्था होती. धन्याला ती सोयीची होती, कारण सगळे चित्र कोणा एका सेनानीच्या डोळ्यांपुढे येतच नव्हते.

केसेलरिंग हा मुळात तोफखान्याचा अधिकारी. जन्म १८८५ मधला, बव्हेरियातला. नाझी राजवट आल्यावर तो नव्या हवाई दलात गेला. वॉर्सा, रॉटरडॅम आणि पुढे इंग्लंड यांच्यावर अग्निवर्षाव करणाऱ्या विमानदलांचा तो अधिपती होता. १९४१ च्या अखेरीस त्याला भूमध्य समुद्राच्या क्षेत्रात धाडण्यात आले. चेहऱ्यावर सदा हसू, बोलण्यात मार्दव आणि स्वभावात अमर्याद आशावाद; शत्रुपक्षाचे सैनिकसुद्धा त्याला ‘हसरा आल्बेर्ट’ म्हणत. हा आशावादच त्याच्या भाग्योदयास कारण झाला. हिटलरला आपल्या सेनापतींच्या तोंडून माघारीचा शब्द ऐकवत नसे, आणि केसेलरिंगच्या तोंडी तो शब्द सहसा येत नसे.

१९४३ च्या जुलैत मुसोलिनी पदच्युत झाला आणि ८ सप्टेंबर रोजी इटलीने शस्त्रसंधी जाहीर केली. त्याच दिवशी अमेरिकन विमानांनी रोमजवळच्या फ्रास्काती गावातील केसेलरिंगच्या मुख्यालयावर बाँबवर्षाव केला. त्यात गावातले नागरिक मोठ्या संख्येने बळी पडले; फील्डमार्शल वाचला. काही दिवसांत त्याच्या सैन्याने कालपर्यंतच्या मित्राला निःशस्त्र केले. सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिक जर्मनांनी बंदी करून छावण्यांत धाडले. दुसरीकडे ९ सप्टेंबरला सालेर्नोच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरले होते.

आता जर्मनीपुढे प्रश्न होता तो इटली किती राखायची याचा. उत्तर इटलीत सैन्य घेऊन बसलेल्या रोमेलचे मत स्पष्ट होते. हा देश म्हणजे समुद्रात शिरलेला एक लांब पाय आहे. शत्रूचे आरमार पाठीमागे कोठेही सैन्य उतरवू शकते. तेव्हा दक्षिण आणि मध्य भाग सोडून उत्तरेच्या अपेनाइन पर्वताची रांग धरावी. केसेलरिंगचे म्हणणे नेमके उलटे. रोमच्या दक्षिणेस द्वीपकल्पाची रुंदी सर्वांत कमी आहे, डोंगर आडवे आहेत, नद्या आडव्या आहेत; थोडक्या सैन्यानिशी येथे मोठ्या सैन्याला महिनोन्‌महिने रोखता येईल, आणि शत्रूची विमानतळे जर्मनीपासून तेवढी दूर राहतील. हिटलरचा कल आरंभी रोमेलकडे होता. पण शरद ऋतू सरत गेला तसतसे दोस्तांचे सैन्य खरोखरच पावलापावलाने पुढे सरकताना दिसले. ऑक्टोबरच्या आरंभी रोमच्या दक्षिणेसच पाय रोवण्याची आज्ञा निघाली. २१ नोव्हेंबर १९४३ रोजी इटलीतल्या सगळ्या जर्मन सैन्याचे आधिपत्य केसेलरिंगकडे आले आणि रोमेलची रवानगी फ्रान्सच्या किनाऱ्याकडे झाली.

युद्धशास्त्राच्या दृष्टीने केसेलरिंगचे म्हणणे खरे ठरले, यात शंका नाही. एका मताने दुसऱ्यावर मात केली आणि इटलीच्या नकाशावर वीस महिन्यांचे युद्ध पसरले. रोमेलचे ऐकले गेले असते तर कासीनोचे नाव जगाला केवळ एका मठामुळे माहीत असते. पुढे ज्या डोंगरगावांवर संहाराचे नांगर फिरले, त्यांतल्या कित्येकांना युद्ध जवळून जाताना कदाचित नुसते ऐकू आले असते. इतिहासात ‘असे झाले असते तर’ याला अर्थ नसतो हे आम्ही जाणतो. पण सेनापतीच्या यशाची मोजदाद करताना हे यश कोणाच्या खर्चाने मिळाले, हा हिशेब वगळता येत नाही.

वोल्तुर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो, गारिल्यानो. या नद्यांची नावे आज पर्यटकांना गोड वाटतील. १९४३ च्या हिवाळ्यात प्रत्येक नदी म्हणजे एक लढाई होती. जर्मनांनी पूल उडवावेत, रस्त्यांत सुरुंग पेरावेत, टेकडीच्या पलीकडल्या उतारावर मशिनगनी दडवाव्यात, आणि शत्रूने नदी ओलांडून टेकडी घेतली की रातोरात मागच्या नदीवर जाऊन तोच खेळ पुन्हा मांडावा. आठवी भारतीय डिव्हिजन नोव्हेंबरात सांग्रोच्या चिखलात उतरली होती. पुराने पूल वाहून जात होते, आणि खेचरांच्या पाठीवरून दारूगोळा व शिधा डोंगरावर चढवावा लागत होता. सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या मुलांना चिखल नवा नव्हता. बर्फात मिसळलेला चिखल नवा होता.

केसेलरिंगचे कौशल्य खऱ्या अर्थाने दिसले ते २२ जानेवारी १९४४ नंतर. त्या दिवशी रोमच्या दक्षिणेस आंझिओच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य जवळजवळ बिनविरोध उतरले. जर्मन हेरखात्याचा प्रमुख कानारिस थोड्याच दिवसांपूर्वी सांगून गेला होता की इतक्यात असे काही होण्याचा संभव नाही! रोमकडे जाणारा रस्ता मोकळा होता. अमेरिकन सेनापती किनाऱ्यावर ठाण मांडून सामान उतरवत राहिला आणि केसेलरिंगने त्या अवधीत हाताशी येईल ते सैन्य गोळा केले. हवाई दलाच्या तोफा, रजेवरून परतणारे शिपाई, उत्तरेतल्या राखीव तुकड्या, यांची मोट बांधून त्याने काही दिवसांत किनाऱ्याभोवती कोट उभा केला. चार महिने आंझिओचे सैन्य त्या कोटात अडकून पडले. एक गंमत मात्र त्याला मरेपर्यंत कळली नसावी. त्याच्या मुख्यालयातून जाणारे कित्येक गुप्त संदेश इंग्लंडमध्ये उलगडून वाचले जात होते. जगाला हे कळले १९७४ मध्ये, आणि केसेलरिंग १९६० मध्येच वारला होता.

कासीनोची कथा बहुश्रुत आहे. संत बेनेडिक्टने इसवी सन ५२९ मध्ये स्थापलेला तो मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी जमीनदोस्त केला. तेथे जर्मन सैनिक दडले आहेत अशी समजूत होती. त्या वेळी मठात जर्मन फौज नव्हती, हे आता सर्वमान्य आहे. मठातला अमोल ग्रंथसंग्रह जर्मन अधिकाऱ्यांनीच काही महिने आधी रोमला हलवला होता. मठाचे ढिगारे झाल्यावर मात्र जर्मन छत्रीधारी सैनिक त्यांत शिरले आणि त्यांना तेथून हुसकण्यास मे महिना उजाडला. या विभागाचा जर्मन सेनानी फॉन झेंगर हा ऑक्सफर्डला शिकलेला आणि त्याच बेनेडिक्टाइन संप्रदायाशी दीक्षेने जोडलेला गृहस्थ होता. असे काही योग जुळले की पराभूत पक्षाच्या सेनापतींभोवती एक सोज्ज्वळ वलय आपोआप तयार होते. ‘रशियात जे झाले ते झाले, इटलीत मात्र सभ्य माणसांचे सभ्य युद्ध झाले,’ हे वाक्य युद्धानंतर अनेकांच्या बोलण्यात आणि लेखणीत रुळले. आमच्या मते या वाक्याची परीक्षा रोमच्या एका रस्त्यावर करावी.

२३ मार्च १९४४ च्या दुपारी रोममधल्या व्हिया रासेल्ला या चढावाच्या गल्लीत प्रतिकारदलाने ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला आणि जर्मन पोलीस तुकडीतले तेहतीस जण त्यात मेले. पुढच्या काही तासांत काय घडले, ते जर्मन लष्करश्रेष्ठींचे यंत्र कसे चालत असे हे समजण्यासाठी पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. रोमचा लष्करी कमांडंट मेल्त्सर याने वर दूरध्वनी केला. चौदाव्या सेनेचा प्रमुख फॉन माकेन्सेन याच्याशी बोलणे झाले. तेथून गोष्ट सोराक्ते डोंगरावरच्या केसेलरिंगच्या मुख्यालयात गेली. फील्डमार्शल त्या दिवशी आघाडीवर गेला होता; सायंकाळी परतला. मुख्यालयातून बोलणे योडलच्या कचेरीशी, आणि तेथून हिटलरपर्यंत. खाली परतलेली आज्ञा होती, एकास दहा, आणि तीही चोवीस तासांत.

ती आज्ञा त्याच तारांवरून, त्याच माणसांच्या तोंडून, पायरी पायरीने उतरत रोमच्या गुप्तपोलीस प्रमुखाकडे, काप्लरकडे, आली. तुरुंगांतून माणसे गोळा झाली. त्यांत राजकीय कैदी होते, ज्यू होते, ज्यांच्यावर कसलाच आरोप शाबीत झाला नव्हता असे होते. २४ मार्चला शहराबाहेरच्या आर्देआतीने गुहांत त्यांना पाचापाचांच्या टोळ्यांनी नेऊन मानेत गोळ्या घालण्यात आल्या. हिशेब ३३० चा होता. मारले गेले ३३५. पाच जण यादीबाहेरचे आले होते, आणि त्यांनी सगळे पाहिले होते म्हणून तेही मारले गेले. न्यायालयात पुढे प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. सेनानी म्हणाले, अंमलबजावणी गुप्तपोलिसांकडे सोपवली होती. आम्हाला वाटले, देहान्ताची शिक्षा आधीच झालेल्यांनाच मारतील. गुप्तपोलीस म्हणाले, आज्ञा लष्कराची. दूरध्वनीच्या तारेत एक मोठी सोय असते. तिच्या दोन्ही टोकांना माणूस असतो, आणि दोघांनाही आपण केवळ निरोप्या आहोत असे म्हणता येते.

येथवर केसेलरिंग हा निरोप्या होता असे क्षणभर मानू. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो निरोप्या राहिला नाही. ४ जून १९४४ ला रोम दोस्तांच्या हाती आले आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे हटू लागले. शहर त्याने लढाईविना सोडले, पूल उडवले नाहीत, याचे श्रेय तो पुढे नेहमी सांगत असे. ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्सचे एक सोडून सगळे पूल त्याच्या सैन्याने उडवले, हे त्याबरोबर सांगणे त्याला सुचत नसे. मागे हटणाऱ्या सैन्याच्या पाठीवर इटालियन प्रतिकारदले तुटून पडत होती. जर्मन कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘दरोडेखोरांच्या टोळ्या’ असा येतो. परकी सत्तेच्या दप्तरात स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्याला हे नाव मिळणे गोमंतकाला अपरिचित नाही.

१७ जून रोजी केसेलरिंगने या टोळ्यांविरुद्ध आज्ञापत्र काढले. अतिशय कठोर उपाय योजावेत, आणि कठोरपणात जो अधिकारी नेहमीची मर्यादा ओलांडील त्याच्या पाठीशी मी उभा राहीन, असा त्याचा आशय. १ जुलैच्या दुसऱ्या आज्ञेने आणखी पुढची पायरी गाठली. ज्या भागात टोळ्यांचा सुळसुळाट असेल तेथील पुरुषांपैकी काही जणांना ओलीस धरावे, हल्ला झाल्यास त्यांना गोळ्या घालाव्यात, ज्या गावातून सैनिकांवर गोळीबार होईल ते गाव जाळावे. या कागदांवरची सही हिटलरची नाही, कायटेलची नाही. ती केसेलरिंगची आहे.

सेनापतीने अधिकाऱ्याला कठोर व्हायला सांगणे वेगळे आणि ‘तुझा हात घसरला तरी जाब विचारणार नाही’ असे आधीच लिहून देणे वेगळे. सैन्य म्हणजे शिस्त लावलेला हिंसाचार. ती शिस्त वरून सैल सोडल्यावर खाली काय होते, याला इटलीची गावे साक्ष आहेत. २९ जून रोजी तोस्काना प्रांतातल्या चिव्हितेल्ला गावी व आसपासच्या वस्त्यांत दोनशेंहून अधिक माणसे मारली गेली. तो संत पीटर व संत पॉल यांच्या सणाचा दिवस होता. १२ ऑगस्टला सांतान्ना दि स्तात्सेमा या डोंगरवस्तीत सुमारे ५६० माणसे मारली गेली, त्यांत शंभराहून अधिक मुले होती. सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी बोलोन्याच्या दक्षिणेस मार्त्साबोत्तोच्या परिसरात सुमारे ७७० माणसे गेली. इटालियन संशोधकांनी अशा प्रकरणांची गावनिहाय नोंद करून २०१६ मध्ये जी सूची प्रसिद्ध केली, तीत बळींची संख्या २२,००० हून अधिक भरते. काही संहार एसएस तुकड्यांनी केले, काही भूदलाच्या नेहमीच्या पलटणींनी, काही हवाई दलाच्या गणवेशातल्या हेरमान गोरिंग डिव्हिजनने. मरणाऱ्या बाईला गणवेशांतला फरक कळला असेल असे वाटत नाही.

याच दिवसांत दहावी भारतीय डिव्हिजन तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात चढत होती. १ जुलैच्या आज्ञेवरची शाई वाळून नऊ दिवस झाले होते. १० जुलै १९४४ रोजी मोन्तोने गावाजवळच्या टेकडीवर पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतला नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन पुढे सरकत असता जवळच्या मशिनगनने तुकडीतल्या सगळ्यांना मारले किंवा जखमी केले. उभा राहिला तो एकटा घाडगे. तो सरळ त्या मशिनगनवर धावून गेला. हातबाँबने तोफ गप्प केली, आपल्या बंदुकीने एकाला टिपले, गोळ्यांचा नवा साठा भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. दुसरीकडून आलेल्या गोळीने तो तेथेच पडला. हा माणगाव तालुक्यातला, आपल्या कोकणातला मुलगा. ज्या खोऱ्यातून तो वर चढत होता, तेथल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने मोकळीक आणि ओलिसांची यादी यांच्यात केवळ काही दिवसांचे आणि काही कोसांचे अंतर होते. हे घाडगेला ठाऊक असण्याचे कारण नाही. तो ज्या साम्राज्याच्या गणवेशात मेला त्याने त्याच्या देशाला स्वातंत्र्य नाकारले होते आणि त्या वेळी देशाचे बहुतेक नेते तुरुंगात होते. ही विसंगती आम्ही झाकू इच्छित नाही. तिच्यामुळे त्याच्या बंदुकीसमोर काय होते ते बदलत नाही.

‘केसेलरिंग हा उत्तम सेनापती होता, आणि त्या आज्ञा हे त्याच्या कीर्तीवरचे गालबोट,’ असे कित्येक लष्करी इतिहासकार लिहितात. आम्हाला हा हिशेब पटत नाही. माघार घेत लढायचे, मागचा रस्ता मोकळा ठेवायचा, थोडक्या सैन्यानिशी डोंगर धरायचे, ही त्याची कीर्तीची कला. आणि पाठीमागची गावे दहशतीने गप्प बसवायची, ही त्या कलेचीच गरज होती. नद्यांच्या आणि गावांच्या आज्ञा एकाच टेबलावर, एकाच हाताने, एकाच हेतूने लिहिल्या गेल्या. त्यांतल्या एकीची स्तुती करून दुसरीबद्दल खेद व्यक्त करणे सोपे आहे, म्हणूनच ते इतक्या वेळा झाले.

शेवटच्या अंकाविषयी थोडक्यात लिहून भागणार नाही, कारण सेनाश्रेष्ठींच्या मनाचा तळ तेथे दिसतो. मार्च १९४५ मध्ये केसेलरिंग पश्चिम आघाडीवर गेला आणि इटलीतले सैन्य फॉन फीटिंगहॉफकडे आले. युद्ध हरले आहे हे शिपायालाही कळत होते. इटलीतला एसएस प्रमुख कार्ल वोल्फ ८ मार्चला झुरिकमध्ये अमेरिकन हेरखात्याच्या अॅलन डलेसला भेटला होता. स्वतःची मान वाचवणे हा त्याचा हेतू उघड होता. फीटिंगहॉफ मात्र आठवडेच्या आठवडे घुटमळत राहिला. हिटलरला दिलेली शपथ मोडते, आणि शरणागती पत्करायचीच तर लष्करी इतमाम राखला जावा, सैनिकांना कैद्यांसारखे वागवू नये, अशा अटींचा घोळ चालू होता. इतमामाची ही चर्चा चालली असताना, ९ एप्रिल रोजी, सेनिओ नदीवर दोस्तांचा शेवटचा हल्ला सुरू झाला. मराठा पलटणीचा शिपाई नामदेव जाधव त्या दिवशी खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून दोन जखमी सोबत्यांना वाहून परत घेऊन आला, मग मशिनगनींच्या ठाण्यांवर एकटा चालून गेला, आणि नदीच्या बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत त्याने मागच्यांना पुढे बोलावले. तो जगला. त्या हल्ल्यातले पुष्कळ जगले नाहीत. युद्ध हरले हे मार्चमध्ये ठाऊक असलेल्या माणसांनी सही केली ती २९ एप्रिलला, कासेर्ताच्या राजवाड्यात.

त्यानंतरही नाट्य संपले नाही. ३० एप्रिलला केसेलरिंगने, जो आता साऱ्या दक्षिणेचा अधिपती झाला होता, फीटिंगहॉफला आणि त्याचा कार्यप्रमुख रोटिगर याला बडतर्फ करून शुल्त्स नावाचा नवा सेनापती पाठवला. दुसऱ्या दिवशी रोटिगरने त्या नव्या सेनापतीलाच कोंडून ठेवले! बोल्झानोच्या मुख्यालयात सेनानी एकमेकांना अटक करीत होते आणि शरणागतीचा कागद सही होऊन पडला होता. १ मेच्या रात्री हिटलर मेल्याची बातमी आकाशवाणीवर आली. पहाटेच्या सुमारास केसेलरिंगने संमती दिली आणि २ मे रोजी दुपारी इटलीतले युद्ध थांबले. शपथ ज्याला दिली होती तो माणूस मेला, तेव्हा कोठे अक्कल मोकळी झाली. त्या दिवसांत लिस्बनमध्ये सालाझारच्या सरकारने हिटलरसाठी ध्वज अर्ध्यावर उतरवला होता, हे ज्या भूमीवर तोच ध्वज पुढे सोळा वर्षे फडकत राहिला तेथल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते.

१९४७ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने व्हेनिसजवळ केसेलरिंगवर खटला चालवला. आरोप दोन: आर्देआतीनेचा संहार आणि उन्हाळ्यातली ती आज्ञापत्रे. ६ मे रोजी देहान्ताची शिक्षा झाली. चर्चिल आणि इटलीत त्याच्याशी लढलेला फील्डमार्शल अलेक्झांडर यांनी त्याच्यासाठी रदबदली केली. शिक्षा जन्मठेपेवर आली, पुढे आणखी घटली, आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून तो सुटला. बाहेर येताच तो माजी सैनिकांच्या एका संघटनेचा अध्यक्ष झाला. दुसऱ्या वर्षी त्याचे आत्मचरित्र आले. इटालियनांनी आपले स्मारक उभारावे, इतके आपण त्यांच्यासाठी केले, अशा अर्थाचे उद्गारही त्याने काढले. फ्लॉरेन्सचे कायदेपंडित पिएरो कालामांद्रेई यांनी त्याला उत्तर म्हणून एक शिलालेख रचला. तो त्याच वर्षी कुनेओच्या नगरभवनात बसवला गेला आणि आज इटलीतल्या अनेक गावांत वाचायला मिळतो. केसेलरिंगचे स्मारक ते एवढेच.

इटलीनेही आपला भाग पूर्ण निभावला असे म्हणता येत नाही. शीतयुद्धाच्या दिवसांत जर्मनी मित्र झाला होता आणि जुन्या फायली अडचणीच्या ठरत होत्या. १९९४ मध्ये रोममधल्या लष्करी अभियोक्त्याच्या कचेरीत एक लाकडी कपाट सापडले. त्याची दारे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. आत संहारांच्या ६९५ फायली होत्या. इटालियन लोक त्याला ‘लाजेचे कपाट’ म्हणतात. सांतान्नाच्या संहाराबद्दल दहा माजी एसएस सैनिकांना इटालियन न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेप सुनावली, तेव्हा ते ऐंशीच्या आसपास पोचले होते आणि जर्मनीत आपापल्या घरी होते. त्यांतला एकही तुरुंगात गेला नाही. जर्मन अभियोक्त्यांनी २०१२ मध्ये आपला तपास बंद केला.

मोन्तोने गावात जुलै २०२३ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक उभे राहिले. ते एक सूर्यघड्याळ आहे.